खांदा विकणे आहे

आमच्या आजीच्या हातावरचे गोंदण झाकायला तिला कधी कुणी सांगितले नाही. अमेरिकन धावपटू निक सिमंड्सचे तसे नव्हते. २०१२ साली त्याने ईबेवर चक्क आपल्या डाव्या खांद्याचा लिलाव केला. मिलवॉकीच्या एका जाहिरात कंपनीने ११,१०० डॉलर मोजून तिथे आपला ट्विटरवरचा पत्ता उमटवून घेतला. हंगामापुरताच, बरं का! पण शर्यतीत नियमानुसार त्यावर पट्टी चिकटवावी लागे. अंगातल्या बनियनवर मात्र कपडे पुरवणाऱ्या कंपनीची खूण राजरोस उघडी! कातडी त्याची, हुकूम दुसऱ्याचा. मला तर वाटते, त्या पट्टीनेच जाहिरातीचा जास्त गवगवा केला. त्या वर्षी लंडन ऑलिंपिकमध्ये तो ८०० मीटरमध्ये पाचवा आला. २०१६ मध्ये उजवा खांदा टी-मोबाइलच्या प्रमुखाने २१,८०० डॉलरला घेतला. पण घोटा दुखावल्याने सिमंड्स ऑलिंपिकच्या निवड चाचणीला उतरलाच नाही.