गवत्या मासा आणि आपली घरची तळी

आपल्या आगरी समाजाचा इतिहास लिहावयास बसले म्हणजे लेखणी सहजच मिठागरांकडे, खारबंदीकडे आणि चरीच्या संपाकडे वळते. आणि ते यथायोग्यच आहे. आगर पिकवितो तो आगरी, ही व्युत्पत्ती आपल्या मुलांनाही मुखोद्गत असते. परंतु घराच्या मागील दारी जे तळे असते त्याच्याकडे इतिहासकाराचे लक्ष क्वचितच जाते. घाटकोपर, कांजूर, भांडुप, मुलुंड या भागांत राहणाऱ्या आपल्या ज्ञातिबांधवांपैकी कित्येकांची अलिबाग व पेण तालुक्यांतील खारेपाटात वडिलार्जित तळी आहेत. सातबाऱ्यावर पाच-सात नावे, राखणारा एखादा वृद्ध चुलता, आणि बाकीचे सारे मुंबईत, अशी त्यांची सद्यःस्थिती. अलीकडे अशा तळ्यांविषयी एक तक्रार वारंवार कानी येते. पाणी गढूळ झाले, शेवाळ-गवत नाहीसे झाले, जिताडा धरत नाही. तेव्हा आता भराव घालून मोकळे व्हावे! ज्या तळ्यांची हकीकत मला सांगण्यात आली त्यांपैकी काहींच्या मुळाशी गवत्या नावाचा मासा आहे. तो आला कोठून, त्याने केले काय, आणि त्याला बाहेर काढावयाचे कसे, याचा विचार भराव घालण्यापूर्वी व्हावा म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम तळ्याविषयी. खारेपाटात जमिनीखालचे पाणी मचूळ. घराचा जोता उंच करावयाचा तर माती जवळूनच काढावी लागे. त्या खड्ड्यात पावसाचे गोडे पाणी साठे, आणि तेच पुढे घरचे तळे होई. पावसाळ्यात खाडीतून आणि खाजणातून जिताड्याची पिल्ले धरून त्यात सोडावयाची व दोन-तीन वर्षे वाढवावयाची, ही रीत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. लग्नकार्य निघाले किंवा जावई आला की जाळे पडावयाचे. एखादा थोर जिताडा साहेबांच्या बंगल्यावर पोहोचला की अडलेले काम सुटते, अशीही एक आख्यायिका खारेपाटात आहे. तिच्यात तथ्य किती हे ज्याचे त्याने ठरवावे. इ. स. १९३३ ते १९३९ या संपाच्या काळात चरी व भोवतालच्या गावांतील कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली जमिनी कसण्याचे नाकारले, तेव्हा खाडीने आणि तळ्याने कित्येक घरांच्या चुली पेटत्या ठेविल्या असे वृद्धांच्या तोंडून आपण ऐकत आलो आहोत.

मत्स्यविद्या आपल्या देशाला नवी नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने इ. स. ११३० च्या सुमारास रचिलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात मत्स्यविनोदाचे स्वतंत्र प्रकरण आहे; त्यात माशांच्या जाती, त्यांचे खाद्य, गळ व दोरी यांचे विवेचन आढळते. मासा धरावयाचा तर आधी त्याला एका जागी खाण्याची सवय लावावी, ही जुनी युक्ती आहे. ती पुढे उपयोगी पडणार आहे, म्हणून येथे नमूद करून ठेवितो.

गवत्या हा मूळचा चीनचा आणि आमूर नदीच्या खोऱ्यातला. चीनमध्ये तळ्यात मासे पाळण्याची विद्या दोन सहस्र वर्षांहून जुनी. तेथे अशी कथा सांगतात की, तांग राजवंशाचे आडनाव ‘ली’, आणि ज्या माशाला आपण आज सायप्रिनस म्हणतो त्याचे चिनी नावही तसेच उच्चारिले जाई. म्हणून तो मासा धरणे व विकणे निषिद्ध ठरले आणि लोक गवत्या, चंदेरा आदी इतर माशांकडे वळले. राजाच्या आडनावापायी माशांचा इतिहास बदलावा, ही गंमतच म्हणावयाची.

भारतात गवत्याची पिल्ले इ. स. १९५९ मध्ये हाँगकाँगहून कटक येथे आणण्यात आली. त्याच वर्षी चंदेरा जपानहून आला. त्यापूर्वी दोनच वर्षे, १९५७ मध्ये, डॉ. हिरालाल चौधुरी यांनी ओरिसात माशाला ग्रंथिरसाची सुई टोचून अंडी घालावयास लावण्याचा प्रयोग यशस्वी केला होता. नदीतून बीज गोळा करीत बसण्याचे कारण त्यामुळे उरले नाही. १९६२ मध्ये याच रीतीने गवत्या व चंदेरा यांचेही बीज येथे तयार झाले. आपल्या उपनगरास अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे १९६१ मध्ये मुंबईत केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था स्थापन झाली; तिचे ठाणे आज अंधेरीस वेसाव्याजवळ आहे. पुढे १९७१ पासून कटला, रोहू, मृगळ, चंदेरा, गवत्या आणि सायप्रिनस असे सहा मासे एकत्र वाढविण्याची योजना देशभर राबविण्यात आली. प्रत्येकाचे अन्न वेगळे, म्हणून भांडण नाही, हे तिचे तत्त्व. त्यात चूक काहीच नव्हते. परंतु ती योजना खत घालून, खाद्य देऊन, वर्षअखेरीस तळे उपसणाऱ्या शेतकऱ्यासाठी होती. ज्याचा मालक मुलुंडला आणि तळे पेणला, त्याच्यासाठी नव्हे.

गवत्याच्या तोंडात दात नाहीत. ते घशात आहेत, आणि त्यांनी तो गवत कातरतो. उष्ण पाण्यात दिवसाकाठी स्वतःच्या वजनाइतकेही गवत तो फस्त करितो. त्यातले निम्मे अर्धवट पचलेले बाहेर पडते आणि पाण्यास खत होऊन हिरवा तवंग वाढवते. पाण्यातले गवत संपले की काठाच्या मुळांवर धाड येते; मुळे गेली की माती सुटते, आणि पहिल्या पावसात काठ तळ्यात येतो. गवतात दडणारी कोळंबी व बारीक मासळी उघडी पडते. जिताड्याचे अन्न तेच. जलपर्णीचा नायनाट करण्यासाठी म्हणून कित्येकांनी हा मासा सोडला. पण जलपर्णी त्याला आवडत नाही. ती तशीच राहते, आणि जे राहावयास हवे ते जाते.

मात्र गढूळपणाचा सारा दोष त्याच्याच माथी मारण्यापूर्वी मासा ओळखून घ्यावा. चिखल उकरणारा तो सायप्रिनस. त्याच्या ओठांशी मिशांच्या दोन जोड्या असतात आणि पाठीवरचा पर लांबलचक असतो. गवत्याला मिशा नाहीत, पर आखूड, अंग लांबट व गोलसर, खवले मोठे आणि कडेला काळसर.

एक गोष्ट आपल्या पथ्यावर पडणारी आहे. गवत्या तळ्यात वीत नाही. त्याच्या अंड्यांस वाहत्या नदीचे लांब पात्र लागते. जिताडाही तळ्यात वीत नाही, त्याला खारे पाणी हवे. (जिताडा आधी नर असतो आणि मोठेपणी मादी होतो, हे विद्यार्थ्यांना सांगितले तर त्यांचा विश्वास बसत नसे!) म्हणजे तळ्यात दोघेही पाहुणेच. गवत्या एकदा बाहेर काढला की कोणी पुन्हा आणून सोडल्याखेरीज तो परतत नाही. मात्र वाट पाहण्यात अर्थ नाही. तो दहा वर्षांहून अधिक जगतो आणि वर्षागणिक थोर होतो. अमेरिकेत १९६३ मध्ये तण मारण्यासाठी तो नेण्यात आला. तेथून तो निसटून मिसिसिपी नदीत पसरला, आणि तो आवरण्याची खटपट तेथे अद्यापि चालू आहे.

आता काढण्याविषयी. मोहाची पेंड टाकण्याचा सल्ला कोणी देईल. तिने मासे खात्रीने मरतात आणि दोन-तीन आठवड्यांत तिचे विष ओसरून खतही होते. पण ती निवड करीत नाही, आपला जिताडाही मरतो. सुरुंगाचे तर नावच नको. १८९७ च्या कायद्यानेच तो गुन्हा ठरविला आहे. पागाने लहान मासळी येते, थोर गवत्या पागाची सावली पाहताच पळतो.

खरा उपाय ओढीच्या जाळ्याचा, आणि काळ वैशाखाचा. पाणी कमरेइतके उतरू द्यावे, कमी न उतरल्यास पंपाने काढावे. पंपाच्या तोंडाला जाळी बांधावी. तळे पूर्ण कोरडे करू नये. ओढीआधी आठ-दहा दिवस पाण्यावर बांबूची चौकट तरती ठेवून तिच्यात रोज एकाच वेळी कोवळे गवत वा कोबीची पाने टाकावी. दुसरे काही खावयास उरले नसल्याने मासा तेथे हटकून येतो. मग एके पहाटे, गलका न करिता, चौकटीभोवती जाळे फिरवावे. जाळे पाण्याच्या खोलीच्या दीडपट उंच असावे. खालच्या काठास शिसे बांधले तर चिखलात ते रुतते आणि जाळ्यात माशांऐवजी चिखल भरतो. त्याऐवजी पेंढ्याचा जाड वळलेला दोर लावावा, तो चिखलावरून सरकतो. गवत्या उडी मारण्यात पटाईत. म्हणून तीन-चार हात मागे दुसरे जाळे पाण्यावर उचलून धरणारी माणसे हवीत. पहिली ओढ हीच खरी ओढ. ती फसली तर मासा सावध होतो, आणि आठवडाभर थांबून गवताचा क्रम पुन्हा आरंभावा लागतो.

ऊन चढण्यापूर्वी काम आटोपावे, कारण ढवळलेल्या पाण्यात जिताडा गुदमरतो. सापडलेले जिताडे लगेच स्वच्छ पाण्याच्या पिंपात टाकावे. गवत्या मात्र खाडीत, नाल्यात वा पवईच्या तलावात सोडून पुण्य जोडू नये. तो खावा. मांस पांढरे व चवीला बरे, पण अंगात बारीक दुफाटी काटे असतात, तेव्हा लहान मुलांस देताना जपावे.

पुढील पावसाळ्यात काठाशी बांबूचा कूड घालून थोडी पाणवनस्पती राखली की चिखलातील बीज उगवू लागते आणि एक-दोन वर्षांत पाणी निवळते. जिताड्याची पिल्ले त्यानंतर सोडावी. ओढीस दहा-बारा माणसे लागतात, तेव्हा सातबाऱ्यावर ज्यांची नावे आहेत त्या सर्वांस वैशाखातील एक रविवार आताच कळवून ठेवावा. आणि भरावासाठी सहीचा कागद घेऊन जो फिरत असेल त्यास पहिल्याने.