सूर्यनमस्काराचा तास आणि औंधचा राजा

२१ जूनला सकाळी दहाच्या आत आमच्या बातम्यांच्या ग्रुपवर शाळाशाळांतले योगदिनाचे फोटो येऊन पडतात. (विदर्भात तोवर शाळाच उघडलेल्या नसतात, पोरांना सुट्टीतून बोलवावं लागतं, ते वेगळं.) खाली ठरलेली ओळ: हजारो वर्षांची परंपरा. योगाची असेल. पण शाळेच्या मैदानात रांगा धरून, शिट्टीवर पोरांनी नमस्कार घालणं ही गोष्ट जेमतेम शंभर वर्षांची, आणि तिचं एक मूळ सातारा जिल्ह्यात आहे. औंधला.

भवानराव पंतप्रतिनिधी १९०९ साली औंधच्या गादीवर आले. संस्थान केवढं, तर ७२ गावांचं, तेही तुकड्यातुकड्यांत विखुरलेलं. तरुणपणी राजेसाहेब सँडो या युरोपातल्या नामांकित पहिलवानाचे चाहते. त्याची साधनं मागवून दहाएक वर्षं घाम गाळला. मग मिरजेच्या संस्थानिकांचं पाहून सूर्यनमस्काराकडे वळले, ते कायमचेच. स्वतः रोज घालायचे, घरच्यांकडून घालून घ्यायचे आणि संस्थानातल्या शाळांत तर सक्तीच केली. हिशोब सरळ होता. ना तालीम लागते, ना साधन, ना पैसा. माणूसभर जागा मिळाली की झालं. छोट्या संस्थानाला परवडणारा व्यायाम होता तो. १९३८ साली त्यांचं पुस्तक लंडनहून निघालं. त्यात फायदे सांगताना राजेसाहेब जरा वाहवतात, सगळ्या रोगांवर एकच उतारा असल्यासारखे. तेवढं सोडून द्यावं.

त्या काळी नमस्कार व्यायामात मोजत, योगात नव्हे. आसनं शाळेत नेण्यासाठी झटले ते अमळनेरला शिक्षक राहिलेले जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद. १९२४ साली त्यांनी लोणावळ्यात कैवल्यधाम काढलं. पोट आत ओढलं की शरीरात नेमकं काय होतं, हे त्यांनी एक्स-रे काढून तपासलं. नुसत्या श्रद्धेवर भागवलं नाही. पुढे शाळांसाठी हुकमावर करायचे यौगिक संघ व्यायाम त्यांनी बसवून दिले. आणि १९३७ साली पुण्यात आलेले अठरा वर्षांचे बी. के. एस. अय्यंगार? लहानपणी मलेरिया, टायफॉईड, क्षयाने खंगलेला हा मुलगा शाळा-कॉलेजांतल्या पोरांना आसनं शिकवत होता.

या मंडळींचे आपसात मतभेद असतील, पण रोज करायचं यावर सगळ्यांचं एकमत. पाठ सरळ होणं, सांधे मोकळे राहणं, श्वास लांबणं, चुळबुळ थांबून पोरगं जागेवर बसणं, हे सगळं रोजच्या पंधरा-वीस मिनिटांतून येतं. आमच्याकडे पीटीचा तास वेळापत्रकात असतो आणि प्रत्यक्षात गणिताला जातो. क्रीडाशिक्षक निवृत्त झाला की त्याची जागा रिकामीच राहते. सतरंज्या मात्र दरवर्षी नव्या येतात.

तुमच्या गावच्या शाळेत २२ जूनला हा तास होतो का? होत असेल तर गावाच्या नावासकट कळवा, मी बातमी करतो.