शेर म्हणजे नेमकं किती? नानकटाईच्या पानावरून मापांचा इतिहास

अनसिंगच्या घरी आजीची पाककृतींची वही आहे. त्यात नानकटाईचं प्रमाण असं: मैदा दोन मापटी, तूप दोन पाव, पिठीसाखर दोन पाव. मी लगेच गणित मांडलं. दोन मापट्यांचा एक शेर, शेराचे ८० तोळे, एक तोळा ११.६६ ग्रॅम. म्हणजे मैदा ९३३ ग्रॅम. तूप आणि साखर प्रत्येकी ४६६. पीठ काही केल्या मिळून येईना. नानकटाई झाली कोरडी, दगडासारखी.

चूक कुठे झाली? पाव हे तराजूचं वजन आणि मापटं हे भांडं, हेच मी विसरलो. चिपटं, मापटं, शेर, पायली ही मापं मुळात धान्याची. ज्वारीने भरलेलं मापटं मैद्याने भरलं तर वजन बरंच कमी भरतं, कारण पिठात हवा असते. चाळलेला मैदा एका कपात साधारण १२० ग्रॅम बसतो, दाबून भरला तर १५० च्या पुढे जातो. शिवाय माप शीग लावून भरायचं की सपाट? वहीत हे नाही. आत्याला विचारलं तर ती म्हणाली, “सपाटच भरे माय. मैद्याले कोन शीग लावते?”

दुसरा प्रश्न: शेर कुठला? जुना मुंबई शेर जेमतेम २८ तोळ्यांचा होता. १९३९ च्या कायद्याने ठरवलेला शेर ८० तोळ्यांचा. अनसिंग वऱ्हाडातलं. विदर्भ मुंबई राज्यात आला तो १ नोव्हेंबर १९५६ ला. त्यामुळे मुंबई इलाख्यातलं कोष्टक उचलून इथे लावलं की हिशेब तिपटीने चुकू शकतो.

तिसरा प्रश्न काळाचा. दशमान वजनमापांचा कायदा १९५६ चा, पण अंमल १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने झाला. त्याच पानावर खाली वेगळ्या शाईत ‘५०० ग्रॅम’ लिहिलंय. म्हणजे ती ओळ बहुधा त्यानंतरची. तारीख नसलेल्या कागदाचा काळ असाही हाती लागतो.

मग आजीचं कसं जमायचं? मापटं तेच, भरणारा हातही तोच. ग्रॅम बदलले तरी प्रमाण बदलत नव्हतं. तेवढं सामान डब्यात घालून बेकरीच्या भट्टीवर न्यायचं, बस्स.

शेवटी मी घरातलंच जुनं मापटं सपाट भरून वजन केलं. दोन मापटी मैदा ६५० ग्रॅमच्या आसपास भरला. तूप-साखर तेवढीच ठेवली आणि नानकटाई जमली.

तुमच्या साधनांत शेर, बिघा, कोस असं काही आलं, तर गुणाकाराआधी तीन गोष्टी विचारा: वजन की आकारमान? कुठलं? केव्हाचं? आणि ते माप वापरलेलं माणूस अजून हयात असेल, तर आधी त्यांच्याकडे जा. कोष्टक नंतरही मिळतं.