दोन रेझिस्टरमधला दूरदर्शनचा इतिहास

लोणारहून बोलतोय. आज विवराबद्दल नाही, एका छोट्या सर्किटबद्दल.

मायक्रोकंट्रोलरवरून जुन्या डबा टीव्हीवर काळं-पांढरं चित्र आणायचं हौशी लोकांचं एक साधं सर्किट आहे. दोन पिना, दोन रेझिस्टर: सिंकच्या पिनेला १ किलोओहम, चित्राच्या पिनेला ४७० ओहम. दोन्हींची टोकं एकत्र करून टीव्हीला जोडायची. मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे पहिला प्रश्न हाच पडला की हेच आकडे का?

उत्तर टीव्हीच्या आत आहे. त्याच्या व्हिडिओ इनपुटला ७५ ओहमचा रोध असतो. नुसती सिंकची पिन ५ व्होल्टवर नेली की इनपुटवर साधारण ०.३ व्होल्ट मिळतात. हा काळा रंग. दोन्ही पिना चालू केल्या की जवळपास १ व्होल्ट, म्हणजे पांढरा. आणि दोन्ही शून्यावर? तो रंग नाहीच, ती सूचना आहे: 'ओळ संपली, पुढची घे.' हाच सिंक. १ किलोओहमच्या जागी १० किलोओहम लावून बघा. काळा आणि सिंक यांतला फरक इतका कमी होतो की टीव्हीला ओळ सापडत नाही आणि चित्र वाकडंतिकडं पळतं.

ही सूचना दर ६४ मायक्रोसेकंदांनी येते, कारण चित्रात ६२५ ओळी आणि सेकंदाला २५ चित्रं. २५ कुठून आले? आपली वीज ५० हर्ट्झची. प्रत्येक चित्र दोन अर्ध्या भागांत, म्हणजे सेकंदाला ५० भागांत दाखवलं, की विजेच्या गुणगुणीचे पट्टे पडद्यावर सरकत नाहीत.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, तेही काळं-पांढरं. १९८२ मध्ये, दिल्लीच्या आशियाई खेळांच्या वर्षी, रंग आले. त्यासाठी घेतलेली पाल पद्धत जर्मनीत वॉल्टर ब्रुख यांनी तयार केली होती. तिच्यात रंगाची ४.४३ मेगाहर्ट्झची लहर जुन्याच सिग्नलवर बसवलेली असते. काळा, पांढरा, सिंक, सगळं जागच्या जागी. आमच्या भाषेत, बॅकवर्ड कंपॅटिबिलिटी! गल्लीभर लोक एकाच टीव्हीसमोर बसायचे, त्या काळात याचा अर्थ मोठा होता: कुणाचाही जुना सेट एका रात्रीत निकामी झाला नाही.

२०२२ पर्यंत दूरदर्शनचे बहुतेक ॲनालॉग प्रक्षेपक बंद झाले. डबा टीव्ही भंगारात चाललेत. पण तो जुना करार या दोन रेझिस्टरच्या आकड्यांत अजून वाचता येतो. म्हणून आकृती नुसती उतरवू नका, प्रत्येक आकड्याला 'का' विचारा.

भेटू पुढच्या भागात.