240 दिवस भरले, की कायम?

बंगळुरूहून म्हैसूरच्या रस्त्याला लागलं की बिडदी येतं. टोयोटा-किर्लोस्करचा मोटार कारखाना इथलाच. 1999 च्या अखेरीपासून इथे गाड्या बनतात. या पट्ट्यात सुट्या भागांचे कारखानेही बरेच. तिथल्या एका टपरीवर निपाणीकडच्या, आयटीआय झालेल्या एका पोरानं मला विचारलं, "सर, 240 दिवस भरले की कायम करतात ना?"

मी नाही म्हणालो. त्याचा चेहरा पडला. म्हणून आज हा इतिहास.

240 दिवसांचा हिशेब 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यातला. बारा महिन्यांत तेवढे दिवस भरले, तर कपात करताना महिन्याची नोटीस आणि वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार द्यावा लागतो. हे झालं संरक्षण, कायमपण नव्हे. तेही टाळायला सात-सात महिन्यांच्या नेमणुका निघाल्या. पुढे 1984 पासून, कराराची मुदत संपली म्हणून काम थांबलं तर ती कपातच धरली जात नाही.

मग कायम होण्याची वाट कुठली? ती सापडते आपल्या 'बदली' या शब्दात. मुंबईच्या गिरणीच्या दारात रोज सकाळी उभा राहून गैरहजर माणसाची जागा मागणारा, तो बदली कामगार. महाराष्ट्राच्या 1971 च्या कायद्यानं ठरवलं: कायम कामगाराचे हक्क नाकारण्याच्या हेतूनं माणसाला वर्षानुवर्षं बदली किंवा तात्पुरता ठेवणं ही अनुचित प्रथा. 1984 पासून हेच कलम, 'बदली' या शब्दासकट, केंद्राच्या कायद्यात आलं. म्हणजे कर्नाटकातही.

2006 साली कर्नाटकाच्याच उमादेवी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की सरकारी नोकरीत नुसती वर्षं भरली म्हणून कायम होता येत नाही. पण 2009 मध्ये महाराष्ट्राच्या एसटी कामगारांच्या खटल्यात त्याच न्यायालयानं स्पष्ट केलं, की अनुचित प्रथा सिद्ध झाली तर औद्योगिक न्यायालयाचा अधिकार शाबूत आहे. 2020 च्या संहितेनं ठरावीक मुदतीच्या नेमणुकीला उघड मान्यता दिली, तरी हे कलम तिच्यातही आहे.

म्हणजे दिवस मोजून भागत नाही; हेतू सिद्ध करावा लागतो. त्याला कागद लागतो आणि पाठीशी संघटना लागते. त्या पोराला मी म्हणालो, "नेमणुकीचं प्रत्येक पत्र, पगाराची प्रत्येक स्लिप जपून ठेव." तो म्हणाला, "पहिलं पत्र तर मी फेकून दिलं, सर."

तुम्ही फेकू नका.