ओंडक्याकडे जाणारी करवत

वेरूळचे दहाव्या क्रमांकाचे लेणे ‘सुताराची झोपडी’ म्हणून ओळखले जाते. सातव्या शतकाच्या सुमारास कोरलेल्या या चैत्यगृहात लाकडाची ढलपीही नाही. पण मान वर केली की छताला ओळीने कमानदार वासे दिसतात, सगळे एकाच कातळातले. स्तूपापुढच्या बुद्धमूर्तीला विश्वकर्मा मानून सुतार इथे पूजेला येतात, अशी नोंद जेम्स बर्जेस यांनी एकोणिसाव्या शतकात केली.

या वाशांचा माग अजिंठ्याला लागतो. तिथले दहावे लेणे इसवी सनापूर्वीचे: ३०.५ मीटर लांब, १२.२ मीटर रुंद, ३९ अष्टकोनी खांबांचे. त्याच्या मधल्या छताला खरेखुरे लाकडी वासे बसवलेले होते. कार्ल्याच्या चैत्यगृहात असे सागवानी वासे आजही जागेवर आहेत. पाचव्या शतकात मात्र अजिंठ्याच्या १९ आणि २६ क्रमांकाच्या लेण्यांत कारागिरांनी वासे दगडातच कोरले. कातळाला वाशांचा आधार कधीच लागत नव्हता. लाकडी इमारतींची घडण पाथरवटांनी निष्ठेने जपली होती.

लाकडी इमारत उभारायची तर आधी ओंडका चिरावा लागे. मोठ्या ओंडक्याच्या फळ्या काढणे हे यंत्रापूर्वीच्या काळात दोन माणसांचे काम. ओंडका खड्ड्यावर आडवा टाकायचा किंवा उंच घोडीवर चढवायचा. गेरूत भिजवलेली दोरी ताणून त्यावर सरळ रेघ उमटवायची. मग एक जण ओंडक्यावर उभा राहून करवत वर ओढी आणि दुसरा खालून. वरच्याने रेघ सांभाळायची. खालच्याच्या डोळ्यांत, केसांत भुसा. दोघांचा ताल चुकला की फळी एकीकडे जाड, दुसरीकडे पातळ निघे. या कष्टांना एक मोठी सोय मात्र होती: झाड जिथे पडले, तिथेच करवत नेता येई.

यंत्राने ही दिशा उलटी केली. इंग्लंडमध्ये १७७७ साली सॅम्युअल मिलर यांनी गोल करवतीचे, तर १८०८ साली विल्यम न्यूबेरी यांनी पट्टा-करवतीचे पेटंट घेतले. वाफेच्या इंजिनाला आणि पुढे विजेच्या मोटारीला जोडलेली करवत एका जागी रोवली गेली. आता ओंडक्यालाच आरा गिरणीपर्यंत यावे लागले.

अमेरिकेत १९८२ साली सुरू झालेल्या वुड-मायझरसारख्या कंपन्यांनी पट्टा-करवत चाकांवर बसवली आणि ती पुन्हा ओंडक्याकडे जाऊ लागली. ओंडका स्थिर, आणि रुळांवरून करवतीचे डोके त्यावरून सरकते. पाते पातळ असल्याने भुसा कमी पडतो, फळ्या जास्त निघतात.

भारतात या फिरत्या गिरणीचा मार्ग सोपा नाही, आणि त्याला कारण आहे. बेसुमार तोडीमागे आरा गिरण्यांचा मोठा हात होता. गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ रोजी वनक्षेत्रात केंद्राच्या मंजुरीविना चालणाऱ्या आरा गिरण्या थांबवल्या. आज इथे, उद्या तिथे असणाऱ्या गिरणीवर नजर ठेवणे तर आणखी अवघड.

तरीही जंगलातला साग आणि बांधावरचा कडुनिंब यांत फरक करायलाच हवा. मराठवाड्यात वादळाने आडवी झालेली चिंच किंवा बाभूळ वाहतुकीच्या खर्चामुळे सहज सरपणात जाते. परवानाधारक फिरती गिरणी, तिच्यासोबत झाडाची पंचनाम्यासह नोंद, अशी व्यवस्था तालुक्याच्या पातळीवर झाली, तर त्याच चिंचेच्या फळ्या गावातल्या सुताराला मिळतील आणि शेतकऱ्याला लाकडाचा रास्त दामही.