मॅचचं तिकीट इन्स्टावर मिळतंय? आधी हे बघा

फैजपूरहून वानखेडेला जायचं म्हणजे भुसावळहून रात्रभराची गाडी. गेटवर तिकीट खोटं निघालं तर प्रवासखर्चही पाण्यात. १५ नोव्हेंबर २०२३ च्या भारत-न्यूझीलंड सेमीफायनलआधी मुंबई पोलिसांनी चढ्या भावाने तिकिटं विकणाऱ्याला अटक केली होती. त्या वर्ल्डकपला ई-तिकीट नव्हतंच, छापील तिकीट लागायचं. म्हणजे टेलिग्रामवर आलेली ‘तिकिटाची पीडीएफ’ तिथेच बाद! ई-तिकीट चालतं तिथेही एकच बारकोड दहा जणांना विकता येतो. आत जातो तो पहिलाच. म्हणून तिकीट कोणत्या स्वरूपात मिळणार, हे आयोजकांच्या साइटवर आधी तपासा. ‘अर्धे आत्ता पाठव भाऊ’ म्हणणाऱ्याला सरळ ब्लॉक करा. पैसे गेलेच, तर लाजत बसू नका. लगेच १९३० वर फोन करा. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी बँकेला ती रोखता येते.